शेळ्यांचा राखणदार आणि त्याची मजुरी

आपल्या कमलनगर भागात शेळीला गरिबाची गाय म्हणतात. तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यात तूर आणि सोयाबीन, दारात एखादी देवणी गाय आणि दहाबारा उस्मानाबादी शेळ्या, असा संसार आपल्या पुष्कळ घरांत आहे. पाऊस वेळेवर झाला नाही तर तुरीचा भरवसा नसतो. पण शाळेची फी, औषधपाणी आणि सणाचा खर्च शेळीने कित्येकदा निभावून नेलेला आहे. म्हणून एका रात्रीत चार करडे गेली, तर ती हानी चार करडांपुरती राहत नाही. घराचा वर्षाचा हिशेबच मोडतो.

अशी हानी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची काही वर्षांपूर्वी झाली. गोठा गावाच्या कडेला, पलीकडे उघडा माळ. रात्री काय आले ते कोणी पाहिले नाही. कोणी म्हणाले लांडगा, कोणी म्हणाले गावातली मोकाट कुत्री. घरात कुत्रा नव्हता असे नाही. चांगला दांडगा कुत्रा होता. दिवसभर दारात साखळीने बांधलेला, येणाऱ्याजाणाऱ्यावर तुटून पडणारा, आणि रात्री सोडला की गावभर हिंडणारा. त्या रात्रीही तो गावातच होता. सकाळी आम्ही गेलो तेव्हा घरधनी म्हणाले, "फादर, कुत्रा तर वाघासारखा आहे, पण शेळ्या काही राखत नाही."

हे वाक्य आमच्या मनात राहिले. पुढे आम्ही या विषयावर वाचले, पशुवैद्यांना विचारले, उन्हाळ्यात माळावर उतरणाऱ्या धनगरांपाशी जाऊन बसलो. त्यातून जे समजले, आणि नंतर आमच्याच हातून जी चूक झाली, ती दोन्ही आज या पानावर देत आहोत.

राखणदार जन्मत नाही, घडतो

पहिली गोष्ट ही, की कुत्रा दांडगा असला म्हणजे तो राखणदार होतो असे नाही. कुत्रा ज्यांना आपले मानतो त्यांनाच राखतो. दारात बांधलेला कुत्रा माणसांना आपले मानतो, म्हणून दार राखतो. शेळ्यांशी त्याचे नातेच जुळलेले नसते.

हे नाते कसे जुळते, हे चार्ल्स डार्विन या निसर्गशास्त्रज्ञाने फार पूर्वी लिहून ठेवले आहे. १८३३ साली तो दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वे देशात, घोड्यावरून हिंडत होता. घर किंवा माणूस यांच्यापासून काही मैलांवर मेंढरांचे मोठे कळप एकदोन कुत्र्यांच्या हवाली असलेले त्याने पाहिले आणि त्याला नवल वाटले. चौकशी केली तेव्हा कळले, की तिथले लोक अगदी लहान पिल्लू आईपासून काढून मेंढरांच्या वाड्यात ठेवीत. दिवसातून तीनचार वेळा मेंढी धरून पिल्लाला पाजीत. लोकरीचे अंथरूण करून देत. दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरच्या मुलांत त्याला मिसळू देत नसत. असा कुत्रा मोठा झाला की रोज घरी येऊन आपला वाटा घेई आणि चोरासारखा परत कळपाकडे पळे. कळपापाशी मात्र कोणी परका आला, तर तोच कुत्रा छाती काढून उभा राही.

पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हॅम्पशायर कॉलेजमध्ये रेमंड कॉपिंजर यांनी युरोप आणि तुर्कस्तानातील राखणदार कुत्री आणून, ती शेतकऱ्यांना देऊन, याचा पद्धतशीर अभ्यास केला. पिल्लाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंतचा काळ महत्त्वाचा असतो. या काळात पिल्लू ज्यांच्या अंगाच्या उबेला झोपते, ते त्याचे गणगोत होतात. हा काळ एकदा गेला की पुन्हा येत नाही. चांगल्या राखणदारात तीन गुण असावे लागतात, असे कॉपिंजर सांगत. तो कळपाकडे लक्ष ठेवून असावा, कळपाला इजा न करण्याइतका विश्वासू असावा, आणि परक्याला अडवणारा असावा. यांत धाडस शेवटी येते, हे आपण ध्यानात घ्यावे.

मग त्यासाठी परदेशी जातीचे महाग पिल्लू आणावे काय? मुळीच नाही. अमेरिकेतील नवाहो हे आदिवासी साध्या, मिश्र जातीच्या कुत्र्यांना मेंढरांत वाढवून लांडग्याच्या भाईबंदांपासून, म्हणजे कायोटींपासून, कळप राखतात. त्यावरचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या धनगरांचे कुत्रेही पाहावेत. दिसायला पुष्कळसे गावच्या कुत्र्यांसारखेच. पण पिल्लू जाळीच्या वाघरीपाशी लहानाचे मोठे होते, कोकरांत झोपते आणि कळपामागे चालते. धनगर त्याला वेगळे काही शिकवीत नाही. कळपच त्याला शिकवतो. ही रीत फार जुनी आहे. बायबलमध्ये ईयोबाच्या ग्रंथात, तिसाव्या अध्यायाच्या आरंभी, कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख आहेच.

इथे मुधोळ कुत्र्याविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे, कारण पुष्कळजण विचारतात. मुधोळ, ज्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात, हा आपल्या कर्नाटकाचा मान आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, आणि २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. पण हा कुत्रा मुळात शिकारी आहे. नजरेने सावज हेरायचे आणि वाऱ्यासारखे धावून गाठायचे, हे त्याच्या रक्तात आहे. राखणदाराचे काम याच्या उलट आहे. त्याने पळणाऱ्याच्या मागे जायचे नसते, कळपापाशी थांबायचे असते. धावणारा कुत्रा दूर गेला की मागून दुसरे जनावर येते. तेव्हा नाव ऐकून कुत्रा घेऊ नये. काम पाहून घ्यावा.

पिल्लू कसे वाढवावे

आमच्या त्या कुटुंबाने पुढच्या हिवाळ्यात एका धनगराकडून आठ आठवड्यांचे पिल्लू आणले. त्याचे नाव मोत्या ठेवले. त्याला वाढवताना जे केले ते क्रमाने सांगतो.

पिल्लू आठ आठवड्यांपर्यंत आईजवळच असावे, पण आईच कळपात राहणारी असली तर फार उत्तम. घरी आणल्यावर त्याला ओसरीवर ठेवू नये, थेट गोठ्यात न्यावे. मोत्यासाठी गोठ्याच्या कोपऱ्यात चार फळ्या लावून जागा केली आणि शेजारी दोन गरीब स्वभावाच्या शेळ्या व त्यांची करडे बांधली. फळ्यांत एवढी फट ठेवली, की शेळीने मारायला शिंग उगारले तर पिल्लाला आत पळता यावे. पहिले काही दिवस ते रात्री फार रडले. घरची मुले त्याला उचलून आणू पाहत. आजीने त्यांना अडवले. मुलांनी गोठ्यात जाऊन त्याला जरूर गोंजारावे, माणसांची सवय त्याला हवीच. नाही तर पुढे औषध पाजायलाही तो हाती लागत नाही. पण झोपणे आणि खाणे शेळ्यांतच.

पाचव्या महिन्यापासून वर्षभराचा काळ कठीण असतो. पिल्लाच्या अंगात खेळ येतो. ते करडांमागे धावते, कान ओढते. पुष्कळ शेतकरी या वेळी कंटाळून कुत्रा बांधून टाकतात किंवा सोडून देतात, आणि केलेले सगळे फुकट जाते. अशा वेळी मारहाण करू नये. जागच्या जागी दटावावे, काही दिवस करडांऐवजी मोठ्या शेळ्यांत ठेवावे. त्या त्याला बरोबर शिस्त लावतात. फारच धावू लागला, तर आपण ओढाळ गुराला बांधतो तसे हलके लोढणे गळ्यात बांधावे. मोत्याला दोन महिने लोढणे होते. दीडदोन वर्षांचा होईपर्यंत कुत्र्यावर पूर्ण भरवसा टाकू नये.

नसबंदी करून घ्यावी. तिने राखणीचा गुण जात नाही; उलट हिंडणे कमी होते आणि नको असलेली पिल्ले गावात वाढत नाहीत.

आणखी एक. कुत्रा आला म्हणून गोठ्याचे दार उघडे टाकू नये. रात्री कळप बंद जागेतच असावा. कुत्र्याचे पहिले शस्त्र भुंकणे हे आहे. तो भुंकला की चोर जनावर बहुधा मागे फिरते, आणि आपल्यालाही जाग येते. लांडग्यांची जोडी आली तर एकटा कुत्रा मार खातो. मोठ्या कळपाला दोन कुत्री असावीत. हिमालयातील गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या पहिला घाव मानेवर घालतो.

मोत्या दोन वर्षांचा झाला तेव्हापासून त्या गोठ्यातून एकही करडू गेलेले नाही. व्यायलेल्या शेळीपाशी तो दोन हात लांब बसून राहतो आणि वार पडली की ती खाऊन जागा स्वच्छ करतो. वासाने दुसरे जनावर येऊ नये याची ही त्याची सोय. दुपारी आम्ही गेलो तर शेपूट हलवतो, पण उठत नाही. तो कामावर असतो.

आमची चूक

आता जी गोष्ट सांगायची ती आनंदाची नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी माळावरून एक अनोळखी कुत्रे कळपाकडे आले. लाळ गळत होती, चाल वाकडी होती. मोत्या आडवा गेला. झटापटीत त्याच्या मानेला आणि ओठाला जखमा झाल्या. ते कुत्रे पुढे निघून गेले. घरच्या दहा वर्षांच्या मुलाने मोत्याला कुशीत घेतले आणि उघड्या हातांनी त्याच्या जखमा पुसल्या. मुलाच्या बोटांना गवत कापताना झालेल्या ताज्या चिरा होत्या. आजीने मोत्याच्या जखमेत मिरचीपूड भरली. रात्री घरधनी आमच्याकडे आले ते वेगळ्याच कामासाठी, आणि बोलता बोलता हे सांगितले.

आम्ही विचारले, "मोत्याला रेबीजची लस टोचली आहे ना?"

ते म्हणाले, "पिल्लू असताना टोचली होती, फादर. यंदाची राहिली. शिबिर कधी झाले ते कळलेच नाही."

शिबिराचे पत्रक आमच्याकडे आले होते. रविवारी मिस्सानंतर वाचून दाखवायचे म्हणून आम्ही ते टेबलावर ठेवले, आणि ते तिथेच राहिले. लस टोचायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आमच्या विसराळूपणामुळे हुकली.

त्याच रात्री मुलाचे हात साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून घेतले आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले, की प्रत्यक्ष चावा नसला तरी लाळ उघड्या जखमेला लागली म्हणजे चाव्याइतकाच धोका असतो. मुलाला लस सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी मोत्याला ताबडतोब पुन्हा लस टोचली आणि ४५ दिवस वेगळे बांधून ठेवण्यास सांगितले.

त्या ४५ रात्री घरधन्यांनी गोठ्यात खाट टाकून काढल्या. दिवसा मजुरी आणि रात्री जागरण. एके दिवशी आम्हांस म्हणाले, "कुत्रा काय काम करत होता ते आता कळले, फादर." मुलाची सगळी इंजेक्शने झाली, तो बरा आहे. मोत्याही बरा राहिला आणि कळपात परतला. देवाची कृपा, पण कृपेवर भार टाकून आपण आपले काम टाळावे असा त्याचा अर्थ नाही.

मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी अडकवून ठेवू नये, अशी लेवीय ग्रंथात आज्ञा आहे. कुत्रा पैसा मागत नाही. त्याची मजुरी चार गोष्टींत आहे: पोटभर अन्न, लस, जंताचे औषध आणि सावली-पाणी. ती आपण बुडवली, तर हानी कुत्र्यापुरती राहत नाही, ती आपल्या मुलांपर्यंत येते.

कुत्र्याची मजुरी

अन्न : नुसत्या भाकरीवर राखणदार कुत्रा टिकत नाही. भाकरीबरोबर वरण, ताक किंवा दूध आणि जमेल तेव्हा अंडे द्यावे. भुकेला कुत्रा खाण्याच्या शोधात कळप सोडतो. अन्न गोठ्यातच, रोज ठरल्या वेळी द्यावे. उन्हाळ्यात पाणी दोनदा बदलावे.

लस : रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयाला, मग पशुवैद्य सांगतील तशी दुसरी, आणि पुढे दरवर्षी. तिच्याबरोबर डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांची लसही द्यावी. पिल्ले याच रोगांनी पटापट दगावतात.

जंताचे औषध : पिल्लाला सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा, मग दर तीन महिन्यांनी. चपट्या जंतांवर प्राझिक्वांटेल हे औषध असते. पशुवैद्यांकडून ते मागून घ्यावे.

या जंतांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण नाताळ, लग्न किंवा सण आला की आपल्या अंगणात बोकड कापला जातो आणि फुप्फुसे, काळजाचे खराब तुकडे व डोके कुत्र्यापुढे टाकले जाते. आपल्याला वाटते, कुत्र्याचाही सण झाला. पण जनावराच्या फुप्फुसात आणि काळजात पाण्याने भरलेल्या गाठी असतात, त्यांत एका जंताची पिल्ले असतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात जंत वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती हाताला, भाजीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात गेली, की माणसाच्या काळजात व फुप्फुसात तशाच गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे गुपचूप वाढतात आणि कित्येकदा शस्त्रक्रिया करावी लागते. अशाच दुसऱ्या एका जंताची गाठ शेळीच्या मेंदूत होते. मग शेळी मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरू लागते आणि शेवटी मरते. म्हणजे ज्या शेळ्या राखायला कुत्रा ठेवला, त्यांनाच आपण कुत्र्याकरवी मारतो. उपाय अगदी सोपा आहे. असे तुकडे कच्चे टाकू नयेत. अर्धा तास उकळून द्यावेत, नाही तर कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल पुरावेत. कुत्र्याला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवूनच जेवावे.

कुत्रा चावला तर

जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तेल काहीही भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने अजून कोणी घरी बसत असेल, तर ती जुनी लस आपल्या देशातून केव्हाच गेली आहे. आता महिन्याभरात चारपाच वेळा दंडात टोचतात. जखम खोल असेल, किंवा लाळ उघड्या जखमेला लागली असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन हे वेगळे औषधही लागते. त्याविषयी डॉक्टरांना स्वतः विचारावे. बरे वाटले म्हणून मधेच थांबू नये. जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चर यांनी १८८५ साली पहिल्यांदा ही लस देऊन वाचवले. तेव्हापासून लस वेळेवर घेणारा माणूस बहुतेक वाचतो. रोगाची लक्षणे एकदा दिसली की मात्र जवळजवळ कोणीच वाचत नाही.

विष घालू नये

करडे गेली की रागाच्या भरात मेलेल्या जनावरात कीटकनाशक घालून ठेवण्याची वाईट रीत आहे. ते विष लांडग्याआधी आपल्याच राखणदाराच्या पोटात जाते. शिवाय लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पूर्ण संरक्षण आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजाप्रमाणे देशात त्यांची संख्या सुमारे ३,१०० इतकीच उरली आहे. म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वन्य जनावराने शेळी मारली, तर उरलेले शव न हलवता वनखात्याला कळवावे व नुकसानभरपाईचा अर्ज करावा.

शेवटी, मदत कुठे मिळेल ते सांगतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याखेरीज सीमेच्या या बाजूला बीदर येथे आणि त्या बाजूला उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ या क्रमांकावर फोन करावा. आणि आमच्यापुरते म्हणाल, तर शिबिराचे पत्रक आता टेबलावर राहत नाही. ज्या दिवशी हाती येते त्याच दिवशी ते मंदिराच्या दाराला लावतो, आणि रविवारी मिस्सानंतर वाचूनही दाखवतो. पुढच्या वेळी ते वाचले की आपापला मोत्या दोरीला धरून घेऊन यावे.